तुटकं टोक आधी बाहेर, मग सांधणं

प्रश्न: डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर पेशी जुळ्या प्रतीवरून बघून ते सांधते, असं वाचलं. पण जिथे तोच तोच मजकूर हजारो वेळा येतो, तिथे तिला नेमकी जागा कशी सापडते?

उत्तर: ही शंका मी वर्गात कात्री घेऊन शिकवायचे. कागदाच्या पट्ट्यांच्या जोड्या, प्रत्येकीवर ‘एएटीएटी’ ४० वेळा. फळमाशीच्या डीएनएत अशी आवर्तनं खरोखरच आहेत. जोडीतली एक पट्टी कापायची, काठाची अक्षरं कुरतडायची आणि दुसरीवरून बघून भरायला सांगायचं. कुणाची पट्टी आखूड व्हायची, कुणाची लांब. एका पठ्ठ्याने तर शेजारच्या बाकावरचीच पट्टी आपल्या तुकड्याला चिकटवली! पेशीत असं झालं तर एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जाऊन लागतो. कर्करोगाच्या पेशींत अशी अदलाबदल पुष्कळ दिसते.

ही आवर्तनं बरीचशी हेटरोक्रोमॅटिनमध्ये, म्हणजे गच्च आवळलेल्या भागात असतात. फळमाशीत हा भाग जनुकसंचाच्या जवळजवळ एक तृतीयांश. २०११ साली आयरीन किओलो, गॅरी कार्पेन आणि सहकाऱ्यांनी माशीच्या पेशींवर प्रारणांचा मारा करून तुटीच्या जागा चमकत्या ठिपक्यांच्या रूपात पाहिल्या. ठिपके आधी गच्च भागाच्या आत उमटले आणि तासाभरात त्याच्या कडेबाहेर सरकले.

गंमत क्रमात आहे. टोकं सोलण्याचं काम आतच सुरू होतं. जुळता मजकूर शोधणाऱ्या रॅड-५१ या प्रथिनाला मात्र आत मज्जाव. एसएमसी-५/६ हे प्रथिनांचं संकुल त्याला अडवून धरतं. तूट बाहेर आली की मगच ते टोकावर चढतं. तोवर नातलग नसलेले सारखे तुकडे मागे पडलेले असतात, जुळी प्रत तेवढी जवळ असते. (जुळी प्रत अजून तयारच नसेल तर पेशी बहुतेकदा टोकाला टोक थेट जोडते. तो वेगळा विषय.)

आणि ओढून नेतं कोण? अ‍ॅक्टिनचे तंतू आणि त्यांवरून चालणारी मायोसिन प्रथिनं. स्नायू आखडतात ते याच कुळातल्या जोडीमुळे. ती तुटकं टोक केंद्रकाच्या आवरणापर्यंत पोहोचवते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. अ‍ॅक्टिन म्हणजे केंद्रकाबाहेरची गोष्ट, असं मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत शिकवलं होतं.

मग पट्ट्यांच्या खेळात एक पायरी वाढवली: कापलेली पट्टी आणि तिची जोडीदार घेऊन वर्गाबाहेर जायचं, चिकटवाचिकटवी तिथेच. लांबी तेव्हाही अधूनमधून चुकायची, पण दुसऱ्याची पट्टी पुन्हा कुणी चिकटवली नाही.