ते तेवीस जण कोण?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू स्वतः छापलेल्या पुस्तकाच्या दोन महिन्यांत २३ प्रती गेल्या आणि त्यावर तू लिहितोस, ‘म्हणजे कुणीच घेतलं नाही.’ पुढच्याच ओळीत कर्ज काढून हजार प्रती छापायच्या आणि उरलेला पैसा जाहिरातीत घालायचा बेत. माझा जीव मात्र त्या पहिल्या वाक्यात अडकलाय. २३ माणसांनी खिशात हात घालून एका अनोळखी नावाचं पुस्तक विकत घेतलं. ती कोण आहेत? तुझ्या चार पानी पत्रात एकाचंही नाव नाही.

हजारांचा मोह मला कळतो, मी त्यात पुरती बुडाले होते. ऑफसेट छपाईत प्लेट बनवणं, यंत्र लावणं हा खर्च पहिली प्रत निघायच्या आतच होऊन जातो. शंभर छापा की हजार, तो तेवढाच. म्हणून प्रती वाढल्या की दर प्रतीमागचा खर्च उतरतो आणि मुद्रक तेच गणित पुढे करतो. गणित खरं आहे, पण ते छापलेल्या प्रतींचं आहे. हजार छापून दीडशे विकल्या, तर हजारांचा सगळा बोजा त्या दीडशेंवर येतो. माझ्या डोक्यावर आला. अकरा वर्षं गठ्ठे पलंगाखाली होते. केर काढताना केरसुणी त्यांना लागली तरी पोटात खड्डा पडायचा.

आता मागणी येईल तशी डिजिटल यंत्रावर एकेक प्रत छापून मिळते. प्रत महाग पडते, पडू दे. पैसा अडकत नाही, आणि राहिलेली चूक पुढच्या प्रतीत सुधारता येते. ५० छाप. संपल्या की आणखी ५०. आणि ‘आपल्या पुस्तकाची निवड झाली आहे, आता एवढे पैसे भरा’ म्हणणाऱ्या प्रकाशकांना उत्तरही देऊ नकोस.

मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बिआट्रिक्स पॉटरचं ‘पीटर रॅबिट’ हे सशाचं पुस्तक प्रकाशकांनी नाकारलं, तेव्हा तिने डिसेंबर १९०१मध्ये ते स्वतःच्या पैशाने छापलं. २५० प्रती. त्या संपल्यावर आणखी २००. पण मला त्याहून मोलाची वाटते ती आधीची गोष्ट: ती कथा १८९३मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेलं पत्र होती. कुणासाठी लिहितोय हे तिला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. तुला छापून झाल्यावरही ठाऊक नाही, आणि तू मला ‘किती’ विचारतोस. अरे, कोण ते सांग!

एक वही घे. २३ ओळी आख. नाव, पुस्तक कुणाकडून कळलं, वाचून झालं का, कुठे थांबले. नातेवाईक आणि मित्र वेगळ्या पानावर, कारण ते तुझ्यासाठी घेतात, पुस्तकासाठी नव्हे. ‘आवडलं का’ असं विचारू नकोस. सगळे हो म्हणतात. ‘वाचल्यावर हे कुणाला द्यावंसं वाटलं?’ असं विचार. तिथे जे नाव येईल तो तुझा चोविसावा. जाहिरात हे नाव आणून देत नाही. तिला मुळात तुझे तेवीसच माहीत नाहीत.

पैसा खर्चायचाच असेल तर मुद्रितशोधनावर कर. आपल्याच मजकुरात डोळा लिहिलेलं वाचत नाही, लिहायचं होतं ते वाचतो. माझ्या पहिल्या पुस्तकात अर्पणपत्रिकेतलंच नाव चुकलं होतं, आणि हजारही प्रतींत चुकलं होतं. मुखपृष्ठ, ऑनलाइन दुकानात दिसतं तसं, अंगठ्याच्या नखाएवढं करून बघ. पुस्तकाचं नाव वाचता आलं तर पुरे. प्रकाशन समारंभ नको.

बरोबरचे लोक म्हणतात, मी हात आखडता घेतला, म्हणून लहान राहिले. म्हणू देत. सात पुस्तकं झाली, दुसऱ्यापासून एकाही पुस्तकासाठी कर्ज नाही. माझ्या अशाच वहीतले ४१ जण प्रत्येक नवं पुस्तक न बघता मागवतात. त्यांतल्या कुणाची दृष्टी अधू झाली, कुणाला कोणतं प्रकरण खोटं वाटलं, हे मला माहीत आहे. ही वही मी आधी केली असती, तर...

पहिल्या पुस्तकानंतर एका बाईंनी आठ पानी पत्र लिहिलं होतं. त्यांच्या वडिलांचं शेवटचं आजारपण आणि माझं तिसरं प्रकरण, दोन्ही एकत्र गुंफलेलं. गठ्ठ्यांचा निकाल लागला की निवांत उत्तर देऊ, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. वितरकाचे हिशेब, परत आलेल्या प्रती, यात चार महिने गेले. मग लिहिलं. माझं पत्र परत आलं, त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही असा शेरा घेऊन. हजार प्रती मोजत बसले होते मी, आणि वाचणारी एक बाई हातची गेली. तिचं पत्र आजही वहीच्या पहिल्या पानात आहे.

मुद्रकाला आजच थांबायला सांग. आणि त्या २३पैकी जेवढी नावं सापडतील तेवढी रविवारपर्यंत मला पाठव. पाचच सापडली तरी पाठव.

तुझी,
ताई