कुंडीतल्या लिंबाची पानं अळ्या खातायत, कुठलं औषध मारू? आणि तीन वर्षं झाली तरी लिंबू का धरत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो, कुठलंच मारू नका. दुसऱ्याचं पुढे कुठेतरी येईलच, पण तुम्ही फोटोत टाकलेली ती हिरवी अळी बघितली आणि खाली लोकांनी सुचवलेल्या औषधांची यादी वाचली, तेव्हा माझं डोकं जरा सरकलंच, त्यामुळे आधी माझं ऐकून घ्या.

मी लाईट बोर्डात ३१ वर्षं काढली, २०१७ ला रिटायर झालो. पुण्यात सिंहगड रोडला वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्याला लागून गच्ची. २०१८ ला उरुळीकडच्या एका नर्सरीतून कागदी लिंबाचं गुटी कलम (म्हणजे बी लावून नाही, फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) आणलं आणि अठरा इंची कुंडीत लावलं. माती, ऊन, कुंडीला भोक वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सांगत बसत नाही. झाड झकास वाढलं, काटे तर असे की बायको तिकडे फिरकायची नाही. लिंबू मात्र एक नाही. तुमच्यासारखंच, तीन वर्षं.

माझा थोरला भाऊ, अण्णा, श्रीगोंद्याकडे असतो, त्याची दोन एकर लिंबाची बाग आहे. तो भागच लिंबाच्या बागांचा. मी नोकरीला पुण्यात आलो आणि शेती त्याच्या गळ्यात पडली, हे तो गेली चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, दहाव्यात कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकवतो. माझ्या गच्चीला तो खेळणं म्हणतो. "खांबावर चढलेल्या माणसाला मातीतलं काय कळतंय" हे त्याचं आवडतं वाक्य.

२०२१ च्या सप्टेंबरात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आला, पंधरा दिवस राहिला. त्याच वेळी झाडावर अळ्या होत्या. ही अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, मी तर पहिल्या वर्षी पाण्याने धुवायला गेलो होतो. मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि असला आंबट उग्र वास सोडते की बोट दोनदा धुवावं लागतं. पान कडेने कुरतडत येते, मधली शीर ठेवते. खाली फरशीवर काळ्या बारीक गोळ्या पडलेल्या दिसल्या की समजायचं वर कुणीतरी जेवतंय. हे लिंबाचं फुलपाखरू, काळं-पिवळं, शेपूट नसलेलं. आपली राणी पाकोळी, ती मोठी काळी-निळी, २०१५ ला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं ना ते, तेसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. म्हणजे तुम्ही जिला मारायला निघालात ती काय आहे हे मोठी होईपर्यंत तुम्हाला धड कळणारही नाही.

माझी नात दर शनिवारी यायची, तिने एका जुन्या वहीत अळ्यांचा हिशोब ठेवला होता. तारीख, किती, केवढ्या. त्या आठवड्यात नऊ होत्या. आदल्या महिन्यात एका अळीने कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या नळीवर कोष केला होता. कोष करायच्या वेळी त्या झाड सोडून भलतीकडेच जातात, मग कमरेला एक धागा बांधून मागे रेलून बसल्यासारख्या दिसतात. बायकोने दहा दिवस त्या नळीवर एक टॉवेलसुद्धा टाकला नव्हता, आणि ही बाई एरवी माझ्या कुंड्यांना कचरा म्हणते.

शुक्रवारी संध्याकाळी मी भाजी आणायला गेलो. परत आलो तर जिन्यातच वास. अण्णा एका डोळ्याला हिरवी पट्टी, काळा चष्मा, हातात कुंड्यांवर पाणी मारायचा माझाच स्प्रे. औषध त्याने गावाहून येतानाच पिशवीत आणलं होतं, म्हणजे झाड बघायच्या आधीच, यावरून काय ते समजा. डॉक्टरने सांगितलं होतं धूळ-धुराजवळ जाऊ नका. मी म्हटलं अण्णा हे काय केलंस, तर म्हणतो, "आरं अळी हाय ती, पाव्हनी न्हाय."

सकाळी नात आली. नऊच्या नऊ काळ्या पडून फांद्यांना लटकत होत्या. ती रडली-बिडली नाही, वहीत तारीख टाकून पुढे शून्य लिहिलं आणि टीव्ही लावून बसली. मोठ्या आबांशी, म्हणजे अण्णाशी, दोन दिवस बोलली नाही. मी जरा जास्त दिवस बोललो नाही.

नंतर महिनाभराने काय झालं तर झाडावर मिलीबग आले, हे पांढरे कापसासारखे, आधी कधी आले नव्हते. माझं म्हणणं औषधाने त्यांना खाणारे लेडीबर्डही मेले म्हणून. अण्णाचं म्हणणं माझ्या आळशीपणाने आले. हा वाद अजून चालू आहे, आणि आपल्या अळ्यांनी झाडाचं असं कितीसं नुकसान केलं होतं हो? तीन-चार फांद्यांचे शेंडे. पंधरा दिवसांत पालवी परत. शिवाय बुलबुल येऊन निम्म्या अळ्या तसंही नेतो, तो कुणाला विचारत नाही. फवारलेल्या अळ्या त्याने पिल्लांना नेल्या असतील तर, हे मी अण्णाला विचारलं तेव्हा तो म्हणाला तुझं पेन्शन फार झालंय.

आता लिंबू का धरत नाही ते. इथे मला नाईलाजाने अण्णाचंच सांगावं लागणार. जायच्या आदल्या दिवशी, अबोला असताना, त्याने बायकोमार्फत निरोप दिला की त्याला म्हणावं झाडाला ताण दे. लिंबाला सारखं पाणी मिळालं की ते नुसतं पानं काढत बसतं, मधे तहान लागली पाहिजे, मग पाणी दिलं की फुलतं. बागेत याला बहार धरणं म्हणतात. आंबिया, मृग आणि हस्त असे तीन बहार, त्यातला हस्त, म्हणजे पावसाळा सरताना फुलणारा, सगळ्यात भावाचा कारण लिंबं ऐन उन्हाळ्यात येतात, पण धरायला अवघड, ताण द्यायच्या वेळेलाच पाऊस चालू असतो. आणि मग म्हणाला (बायकोने सांगितलेलं), "आमाला पाऊस हलवता येत न्हाय, त्याची कुंडी तर हलती."

मी कुंडी पत्र्याखाली ओढली. एकट्याला हलत नव्हती, वॉचमनला बोलावलं. बारा दिवस पाणी तोडलं. कुंडीत माती लवकर सुकते, शेतासारखं महिनाभर थांबू नका, झाड मरेल. पानं दुपारी मलूल व्हायला आणि थोडी गळायला लागली की बस. मग थोडं थोडं वाढवत भरपूर पाणी, वर दोन ओंजळी कुजलेलं शेणखत. ऑक्टोबर सरताना फुलं आली. २०२२ चा एप्रिल आठवतोय ना, लिंबू दहा-दहा रुपयांना एक झालं होतं, त्या एप्रिलात माझ्या गच्चीत तेवीस लिंबं. अण्णाचा फोन आला होता भाव सांगायला, खुशीत होता. मी म्हटलं माझ्याकडे तेवीस आहेत. "मोजलीस व्हय?" म्हणाला. मोजणारच ना.

त्यामुळे अण्णाला काही कळत नाही असं माझं म्हणणं नाही. दोन एकरवर पोट असेल आणि कोवळ्या रोपांवर अळी पडली तर तो फवारणारच, तिथे मी पुण्यात बसून शहाणपण शिकवू नये. पण माझी गच्ची त्याची बाग नाही आणि तुमची बाल्कनी पण नाही. इथे लिंबू विकायचं नाहीये, वर्षाला तेवीस आली काय आणि एकोणीस आली काय. गेल्या वर्षी आला तेव्हा परत बाटली होती पिशवीत. मी ती दारातच काढून घेतली, जाताना परत दिली. नातीने वहीतलं ते शून्याचं पान त्याला दाखवलं, तर त्याने चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाला अक्षर चांगलंय. एवढंच.

बरं, दोन गोष्टी राहिल्या. तुमचं झाड फूटभराचंच असेल, दहा-पंधरा पानांचं, तर मात्र अळ्या ठेवू नका, तेवढं खाऊन त्या झाडाची वाढच थांबवतील. मारायची गरज नाही, पान तोडून अळीसकट शेजारच्या मोठ्या लिंबावर नाहीतर कढीपत्त्यावर ठेवा, कढीपत्ताही चालतो त्यांना. आणि पानावर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेषा असतील, पान आकसत असेल तर ती ही अळी नव्हे, ती नागअळी, ती पानाच्या आत असते. त्याला एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब भांड्याचं साबण, संध्याकाळी मारा, आणि हिरव्या अळ्या असलेल्या फांद्या सोडून मारा. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडे खालचं पान मला तसंच वाटतंय, जरा जवळून परत काढून टाका. बियांपासून वाढवलेलं झाड असेल तर तेही सांगा, मग तीन वर्षांत लिंबू विसरा, पाच-सहा तरी लागतील. आणि ताण सप्टेंबरच्या शेवटी, आत्ता भर जुलैत नाही.