न्हाणीतली घासणी : अंग कशाने घासावे?

प्रश्न : माझे माहेर निपाणीकडच्या तंबाखू पिकवणाऱ्या गावातले आणि सासर खानापूर तालुक्यातले आहे. माहेरी शेतातून आल्यावर सुती फडक्याने खसखसून अंग घासल्याशिवाय आंघोळ झाली असे कोणी मानत नसे. सासरी मात्र बहुतेक जण हातानेच साबण लावतात; वाळवलेल्या घोसाळ्याची एक घासणी न्हाणीत टांगलेली असते आणि ज्याला लागेल तो ती वापरतो. नुसत्या हाताने अंग खरोखर स्वच्छ होते का? माझ्या सहा वर्षांच्या मुलीची कातडी फार कोरडी आहे, तिला कशाने न्हाऊ घालावे?
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : नुसत्या हाताने अंग स्वच्छ होते. घामाला येणारा वास हा घामावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येतो आणि त्यांची मुख्य ठिकाणे म्हणजे काखा, जांघा व पावले. तेथे साबणाचा हात नीट फिरला आणि भरपूर पाण्याने साबण निघून गेला, की घरात किंवा कचेरीत दिवस घालवणाऱ्या माणसाची आंघोळ पूर्ण झाली असे खुशाल समजावे.

कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर तळहात व तळपाय सोडल्यास बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो, आणि अंगातला ओलावा आत राखण्याचे व जंतूंना बाहेर अडवण्याचे काम एवढासा हा थर करतो. त्याच्या पेशी रोज आपोआप झडत असतात आणि त्यांची जागा घेणारी नवी कातडी साधारण चार आठवड्यांत खालून वर येते. जोराने घासल्यावर ज्या काळपट वळ्या निघतात, त्या पाहून मळ निघाल्याचे समाधान वाटते खरे. परंतु त्यांत मळापेक्षा या पेशींचाच भाग मोठा असतो, आणि म्हणूनच कितीही स्वच्छ माणसाच्या अंगावरून त्या निघतात.

असे असले तरी आपल्या माहेरची रीत मी चुकीची ठरवणार नाही. तंबाखूचे शेंडे खुडताना व पाने काढताना जो चिकटपणा हातापायांना बसतो, तो केवळ हाताने सहज सुटत नाही. शिवाय ओल्या पानांतील निकोटिन कातडीतून शरीरात शिरते आणि त्यामुळे मळमळ, डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो. तेव्हा शेतातून आल्याबरोबर कपडे बदलून साबण व मऊ सुती फडके घेऊन अंग धुणे हे तेथील माणसांसाठी आवश्यकच आहे. मात्र त्यांनीही खसखसून घासू नये, कारण खरचटलेल्या कातडीतून निकोटिन अधिक सहजपणे आत जाते. चिकोडी-अथणीकडे ऊसतोड करणाऱ्यांना उसाच्या पात्याने ओरखडे आलेले असतात. त्यांनी आधी नुसते पाणी ओतून कुसळे व धूळ जाऊ द्यावी आणि ओरखड्यांवर फडके फिरवू नये.

आपल्या पत्रातील मला खरोखर काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे सर्वांची मिळून एक घासणी. घोसाळ्याच्या जाळीत मृत पेशी व साबण अडकून राहतात, आणि खानापूरच्या पावसाळ्यात न्हाणीत टांगलेली वस्तू दिवसेंदिवस ओलीच राहत असल्याने तीत जिवाणू व बुरशी वाढण्यास सर्व अनुकूल परिस्थिती मिळते. घरातील एकाला गजकर्ण झाले, तर अशा सामाईक घासणीतून आणि पंचातून ते साऱ्या घरभर फिरते; एकाने औषध लावून बरे व्हावे आणि महिनाभरात पुन्हा खाजवू लागावे, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो, आणि तेव्हा दोष मलमाला दिला जातो. प्रत्येकाचे फडके वेगळे असावे, वापरल्यावर ते पिळून न्हाणीबाहेर वाळत घालावे, आणि ऊन नसेल त्या दिवसांत बंबाजवळ किंवा चुलीच्या उबेला धरावे. सुती फडके उकळत्या पाण्यात घालता येते, हा त्याचा घोसाळ्याहून मोठा गुण आहे. घोसाळेच हवे असेल तर ते तीन-चार आठवड्यांनी टाकून द्यावे. परसात वेल असेल तर त्यात खर्चही नाही.

बाजारात मिळणाऱ्या नायलॉनच्या खरखरीत घासण्या मी कोणालाही सुचवत नाही. वर्षानुवर्षे त्यांनी घासल्यास मानेचे हाड, पाठ, खांदे अशा हाडांच्या उंचवट्यांवर काळे पट्टे उमटतात. तो मळ आहे असे समजून माणूस आणखी जोराने घासतो आणि काळेपणा वाढतच जातो. टाचांसाठी वजरी चालेल, परंतु मधुमेह असणाऱ्यांनी ती वापरू नये, कारण पायाची संवेदना कमी झालेली असल्यास जखम झाल्याचे त्यांना कळत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव काढण्यासाठी पिठाचा गोळा फिरवण्याची पद्धतही थांबवावी. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते, आणि घासण्याने बाळाच्या कोवळ्या कातडीवर पुरळ तेवढे उठते.

आपल्या मुलीला फडके, घोसाळे, उटणे यांपैकी काहीही लावू नये. पाणी कोमट असावे, कढत नसावे. आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपावी. नेहमीचा वडीचा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे कोरड्या अंगाला तो अधिकच सुकवतो. म्हणून सौम्य साबण घ्यावा व तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच लावावा. अंग पुसताना पंचाने टिपून घ्यावे आणि कातडी किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी व्हॅसलीन लावावी. कोपराच्या व गुडघ्याच्या आतल्या घडीत खाज, लाली किंवा ओल दिसू लागली, तर तो इसब असू शकतो, आणि त्यासाठी मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे.