शेकड्याने अंडी घालणारा बेडूक नामशेष कसा होतो? आणि एखादी जात टिकेल की नाही हे मॉडेलवरून कसं सांगतात?

प्रश्नात अर्धी मेख आहे ती अंड्यांची. बेडकाच्या बाबतीत अंड्यांकडे बघून माणूस हमखास फसतो. मी संख्याशास्त्र शिकवतो, आणि हा विषय निघाला की कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या पिवळ्या पायांच्या बेडकाचं उदाहरण देतो, कारण त्याच्यावर भरपूर काम झालंय.

हा बेडूक उंचावरच्या थंड तळ्यांत राहतो. थंडी इतकी की बेडूकमाशाचा बेडूक व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. एके काळी तिकडे याचा सुळसुळाट होता. आता जुन्या जागांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जागांवरून तो गेलाय. २०१४ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आला. कारणं दोन. मुळात मासेच नसलेल्या तळ्यांत हौशी गळवाल्यांसाठी ट्राउट सोडले (पुढे पुढे तर चक्क विमानातून!), आणि नंतर कायट्रिड बुरशी आली.

ही बुरशी केराटिनवर (आपल्या केसा-नखांत असतं ते प्रथिन) वाढते. बेडूकमाशाला केराटिन असतं फक्त तोंडाच्या भागात, त्यामुळे तो बुरशी घेऊनही निभावतो. पण बेडूक झाला की सगळ्या कातडीत केराटिन येतं, बुरशी अंगभर पसरते, कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडतं. म्हणून मोठे बेडूक संपल्यावरही दोन-तीन वर्षं तळं बेडूकमाशांनी गजबजलेलं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, छान चाललंय की!

आता गणित. आकडे सोयीचे घेतोय, खऱ्या तळ्याचे नाहीत. एका मादीची वर्षाला २०० अंडी, त्यातून निम्म्या माद्या, म्हणजे १००. प्रौढ माद्यांपैकी ८० टक्के दरवर्षी पुढच्या हंगामापर्यंत जगत असतील, तर एक मादी सरासरी ५ हंगाम अंडी घालते. आयुष्यात ५०० मुली. त्यातली एक प्रौढ झाली की जात जिथल्या तिथे टिकते. बुरशीने ते ८० चं ४० टक्के केलं, तर हंगाम उरतात पावणेदोनच्या आत, आणि मुली १६७. आता ५०० त एक नव्हे, १६७ त एक जगली पाहिजे. पिल्लांचं जगणं तिप्पट व्हायला हवं, तेव्हा कुठे हिशोब जुळतो. बरं, अंडी वाढवून भागेल म्हणावं, तर तळं तेवढंच आणि शेवाळही तेवढंच. दाटी झाली की बेडूकमासे रोडावतात आणि जास्त मरतात. त्यामुळे मॉडेलमध्ये सगळ्यात आधी कोणता आकडा नीट हवा, असं मला विचाराल तर मी प्रौढांच्या जगण्याचा म्हणेन.

तो आकडा नुसता तळ्यावर जाऊन बेडूक मोजून मिळत नाही, कारण न दिसलेला बेडूक मेलेलाच असतो असं नाही. म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात. यंत्र जवळ नेलं की नंबर कळतो. समजा एकाची तीन वर्षांची नोंद १-०-१ आहे: दिसला, नाही दिसला, दिसला. मधल्या वर्षी तो जिवंत होता, आपल्याच नजरेतून सुटला, हे पक्कं. अशा नोंदी पुष्कळ जमल्या की सुटण्याचं प्रमाण काढता येतं आणि ते बाजूला केलं की जगण्याचं प्रमाण हाती लागतं.

पुढचं काम संगणकाचं. अंडी, बेडूकमासे, पोर बेडूक, प्रौढ असे टप्पे मांडायचे, दरवर्षीचं जगणं थोडं वरखाली होऊ द्यायचं (सगळी वर्षं सारखी नसतात) आणि तोच ५० वर्षांचा काळ हजार वेळा चालवायचा. त्यातल्या १२० वेळा संख्या शून्यावर आली तर नामशेष होण्याची शक्यता १२ टक्के. हे भाकीत नव्हे. आजची परिस्थिती अशीच राहिली तर काय, एवढंच त्याचं उत्तर.

याच सिएरा नेवाडातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हे प्रत्यक्ष वापरलंय. बुरशीच्या साथीतून सावरलेल्या तळ्यांतले बेडूक उचलून २००६ ते २०२० या काळात १२ रिकाम्या जागी सोडले आणि मागोवा ठेवला. २०२४ साली निष्कर्ष छापून आले. जगण्याचं प्रमाण जागेगणिक बरंच वेगळं निघालं, पण बऱ्याच ठिकाणी बेडूक बुरशीसकट टिकले, आणि मॉडेलप्रमाणे ५० वर्षांत त्या वसाहती संपण्याची शक्यता कमी आहे. म्हणजे सोडायचेच तर साथीतून तावून सुलाखून निघालेल्यांचे वंशज सोडा.

आपल्याकडचं विचाराल तर सिंधुदुर्गातला आंबोली टोड (बेडकाचाच भाऊबंद). २००९ साली शास्त्रीय नाव मिळालं, अतिसंकटग्रस्त आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्याच्या सुरुवातीला साठणाऱ्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. सिएराचं मॉडेल इथे जसंच्या तसं चालणार नाही. इथे पावसाने ओढ दिली की डबकं आटतं आणि त्यातली अख्खी पिढी जाते, तेव्हा 'पूर्ण वाया गेलेलं वर्ष' वेगळं धरावं लागेल. प्रौढांची नोंद ठेवायला चिपच हवी असंही नाही; अंगावरच्या नक्षीचे फोटो जुळवून एकेक प्राणी ओळखायची पद्धत उभयचरांसाठी वापरतात, आणि याच्या अंगावर तर वाघासारखे पट्टे आहेत.