मागणी त्यांची, खर्च आपला

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

निधी देणाऱ्या फाउंडेशनमध्ये रुजू झालीस आणि तेही लोकसहभाग आणि धोरणाच्या कामासाठी, हे वाचून फार बरं वाटलं. आजवर आपण टेबलाच्या अलीकडे बसून प्रपोजल लिहीत आलो, तू आता पलीकडे बसणार. पलीकडच्या माणसाने कसं वागावं असं मला इतकी वर्षं वाटत आलं, तेवढंच लिहिते.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुला माहीत आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते, पण तिथल्या अभ्यासगटाकडे फारसं कुणी पाहत नाही. ग्रामसभेत निर्णय होण्याआधी प्रश्न समजून घ्यायला बसतो तो हा गट. त्यात बाहेरच्यांना मज्जाव नाही. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षं त्यात बसले, गावाबरोबर कायदे वाचले, प्रश्न विचारले. निर्णय मात्र ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. 1927 चा वन कायदा बांबूला झाड म्हणत होता, नवा कायदा गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असं जंगलाचं उत्पन्न. गावाने नव्या कायद्यातलं कलम सोडलं नाही. शेवटी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना बांबूबद्दल पत्र लिहिलं आणि 27 एप्रिल 2011 ला मेंढ्यात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका गावाने आपलं म्हणणं पक्कं करून मांडलं आणि देशभरच्या वनखात्यांना बांबूचा विचार नव्याने करावा लागला.

तुमच्या फाउंडेशनची जागा त्या अभ्यासगटात आहे, ग्रामसभेत नाही. अभ्यासाला लागेल तो पैसा द्या. काय मागायचं, कुणाकडे, किती ताणायचं आणि कुठे थांबायचं, यात बोट घालू नका. मला या पत्रात मुख्य सांगायचं आहे ते हेच.

अभ्यासाला पैसा कशाला लागतो, असं तुझे वरिष्ठ विचारतील. 2014 पासून केंद्र सरकारचं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा. ठेवतात कुठे, तर वेबसाइटवर, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्यांच्या शेताशेजारी खाण येणार, त्यांना खाणीचे नियम वाचता येत नसतील तर हरकत कशावर घ्यायची? म्हणून चांगला भाषांतरकार, कायदा समजावणारा वकील, झेरॉक्स, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं हे खर्च मंजूर कर. बैठकीला बसल्याबद्दल कुणालाही पैसे देऊ नकोस, त्याने गाव बिघडतं. पण तहसीलला खेटे घालणाऱ्या बाईची मजुरी बुडते, ती भरून द्यायलाच हवी. या ओळी बजेटमध्ये ‘किरकोळ’ म्हणून जातात आणि कात्री लागते ती पहिल्यांदा यांनाच. तेवढ्या वाचव.

आता आरोग्याचं. आपल्याकडे 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. आधी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचं उस्मानाबाद हे पाच जिल्हे, समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे. गावातल्या लोकांनीच दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं: हिरवा, पिवळा, लाल. अशा एका बैठकीत मी मागे बसले होते. औषधांचा रकाना आला. नर्सबाई समोरच होत्या, म्हणून बाया आधी पिवळा म्हणाल्या. मग एका म्हातारीने कनवटीची चिठ्ठी काढून सतरंजीवर ठेवली, बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणायला दवाखान्यातूनच लिहून दिलेली. पाठोपाठ आणखी दोघींनी आपापल्या चिठ्ठ्या ठेवल्या. रंग लाल ठरला. पुढे जनसुनवाईत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर त्याच चिठ्ठ्या मांडल्या गेल्या आणि पुरवठा वेळेवर का येत नाही हा प्रश्न जिल्ह्यापर्यंत पोहोचला. सगळ्या आरोप-प्रत्यारोपांपेक्षा ते तीन कागद भारी पडले.

यात एक गोष्ट लक्षात ठेव. या कामाचा पैसा सरकारी योजनेतूनच येत होता. सरकारी हप्ता लांबला की कार्यकर्ते घरी बसतात आणि बायांनी धीर करून मांडलेली तक्रार लोंबकळत राहते. जनसुनवाईनंतरचं वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या दोन माणसांचं मानधन द्यायला तुमच्यासारखं कुणी उभं राहिलं, तर पुढच्या सुनावणीला लोक येतात. नाहीतर येत नाहीत, आणि का यावं त्यांनी?

पैशाशिवाय काहीच होत नाही असा मात्र समज करून घेऊ नकोस. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1996 मध्ये ब्यावरला माहितीच्या अधिकारासाठी 40 दिवस धरणं धरलं, ते लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि वर्गणीवर. संस्थांचं अनुदान घ्यायचं नाही हे त्यांनी ठरवूनच ठेवलं आहे. पुढे माहिती अधिकाराचा मसुदा तयार करण्यात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून पुढे होते, आणि 2005 मध्ये कायदा झाला. अशी एखादी संघटना भेटली आणि ‘तुमचा पैसा नको’ म्हणाली, तर तिचा मान ठेव. तिला आपल्या अहवालात ओढू नकोस.

कायद्याची चौकट डोळ्यांसमोर असू दे. कंपनीने सामाजिक कामासाठी काढायच्या दोन टक्के निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआर धरला जात नाही. ठरवून दिलेल्या विषयांत आरोग्य, शिक्षण, ग्रामविकास आहेत. लोकांनी धोरणावर बोलावं असा वेगळा विषय नाही, त्यामुळे तुमची कायदा शाखा घाबरणार. परदेशी निधीचं तर आणखी कडक आहे: त्याच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो एका संस्थेने दुसरीला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. लहान गावगटांना याचाच फटका बसला. म्हणून देशातल्या निधीचं मोल वाढलं आहे आणि तुझी जबाबदारीही.

इंडिकेटरवरून, म्हणजे कामाचं यश कशाने मोजायचं यावरून, तुझं वाजेल, हे मला आत्ताच दिसतं. तिमाहीत किती धोरणं बदलली, असं विचारणारा तक्ता येईल. त्याऐवजी किती गावांनी स्वतः लिहिलेली हरकत स्वतः दाखल केली, तिची पोच घेतली का आणि उत्तर आलं का, हे विचार. मान्य झाली नाही तरी ती मोज. आणि अनुदान एका वर्षाचं देऊ नकोस. हरकतीपासून शासन निर्णयापर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात.

तुमच्या करारपत्राचा नमुना मला पाठव. मागण्या मांडण्याआधी त्या फाउंडेशनला दाखवाव्यात, असं कलम त्यात बहुधा असेल. असेल तर सही होण्याआधीच ते काढायला लाव. वरिष्ठ अडले तर कळव, पुढच्या महिन्यात मी नागपूरला येणारच आहे, तेव्हा त्यांच्याशीही बोलेन.

तुझी,
ताई