लग्न ठरलंय, लिंगाचा आकार लहान वाटतो. परभणी-नांदेडकडे चांगला वैद्य कोण?

कुणीच नाही. तेल नको, कॅप्सूल नको, वैद्यही नको. लांबी वाढवणारं औषध अजून निघालेलं नाही. निघालं असतं तर एसटी स्टँडच्या मुतारीत त्याची जाहिरात चिकटवायची पाळी आली नसती.

तू लिहिलंस की वय २४, साडेचार इंच भरतं आणि मित्र हसतात. त्या मित्रांनी कधी पट्टी लावली असेल का, हे आधी विचार.

हाच प्रश्न मी २००३ साली विचारला होता, मावसभावाला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लग्न झालेला, म्हणजे या विषयातला जाणकारच. आम्ही माळेगावच्या जत्रेला गेलो होतो, लाल कंधारी गोऱ्हा बघायला. कापसाचा चुकारा नुकताच आलेला. गोऱ्हा राहिला बाजूला, तमाशाच्या तंबूंमागं एक राहुटी होती तिथं त्यानं मला नेलं. बाहेर पैलवानाचा फोटो. आत स्टोव्हवर कढई आणि शेजारी दोरीनं बांधलेला सांडा. हा वाळवंटी सरडा राजस्थान-कच्छकडचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारायला बंदी आहे, आणि त्याचं तेल म्हणजे निव्वळ चरबी. हे सगळं मला फार नंतर कळलं.

नाडी धरून बाबा म्हणाला, ‘लहानपणी हातानं चुका केल्यात. नस दबली.’ मावसभाऊ मान डोलवायला लागला. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातू, म्हणजे वीर्य, होतो, हे तो रस्ताभर मला ऐकवतच आला होता. (साफ खोटं आहे. हस्तमैथुनानं नस दबत नाही, आकार घटत नाही, रक्तही आटत नाही.) मग पुडी बांधायला सुरुवात झाली. भाव वीस रुपये. आम्हाला वाटलं पुडीचा. तो निघाला ग्रॅमचा. एकेक डबी उघडून तो खलात टाकत गेला आणि आकडा ३,८०० वर गेला. नको म्हणालो, तर ‘खलात पडलेलं परत डबीत जात नसतं.’ पैसे मी दिले. गोऱ्हा आणलाच नाही, घरी सांगितलं भाव जमला नाही.

तेलानं तिसऱ्या दिवशी कातडी सोलली. आठ दिवस लुंगीवर काढले. आईला सांगितलं, गळू झालंय.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो, चर्मरोगाच्या ओपीडीत. तिथल्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि विचारलं, ‘मोजलंय का कधी?’ मोजायचंही एक तंत्र असतं, हे तेव्हा समजलं. ताठ असताना, पट्टी वरच्या बाजूनं, लिंगाच्या मुळाशी, ओटीपोटाखालच्या हाडाला दाबून टेकवायची. खालून नाही, बाजूनं नाही. आणि स्वतःचं आपण वरून बघतो म्हणून ते आखूड दिसतं, शेजारच्याचं बाजूनं दिसतं म्हणून लांब. पोट सुटलं असेल तर मुळाशी चरबीत आणखी लपतं. घरी येऊन पुतण्याच्या कंपासमधली पट्टी घेतली. धुऊन परत ठेवली, काळजी करू नका.

आता आकडे. लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली १५ हजारांवर पुरुषांची, दवाखान्यात मोजलेली मापं एकत्र केली. सरासरी निघाली शिथिल असताना ९.१६ सेंटिमीटर, ताठ असताना १३.१२. म्हणजे कंपासमधली १५ ची पट्टी बहुतेकांना पुरून उरते. तुझे साडेचार इंच म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या जवळपास. सरासरीपेक्षा कमी, पण त्याला आजार म्हणत नाहीत.

लग्नानंतर पाच दिवस माझं काहीच जमलं नाही. कारण आकार नव्हता, भीती होती. सहाव्या दिवशी बायको म्हणाली, ‘मी पसंत नव्हते तर आधीच सांगायचं होतं.’ तिच्या डोक्यात हे चाललेलं, अन् मी अजून पट्टीतच अडकलेलो. त्या रात्री तिला राहुटीपासून सगळं सांगितलं. ती आधी ३,८०० रुपयांवर चिडली.

मावसभाऊ मात्र आजही म्हणतो, पुडीनं गुण येतो. त्याला चाळिशीत ताठरतेचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्यानं तीन वर्षं तसल्याच पुड्या खाल्ल्या. गुण यायचाही, कारण अशा पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलंय. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ म्हणायचं आणि आत इंग्रजी गोळी कुटलेली. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं हे खाल्लं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. पुढं त्याच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, रक्त तपासलं, तर साखर तीनशेच्या वर. मूळ दुखणं मधुमेहाचं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, म्हणून बिघाड कधी कधी आधी तिथं दिसतो. तीन वर्षं शरीर ओरडून सांगत होतं आणि हा त्याचं तोंड पुडीनं बंद करत होता. वर तंबाखू-चुना चालूच. मी त्याला म्हणालो, दादा, माझी कातडी गेली ती गेली, तू तर डोळे, किडन्या पणाला लावल्यास. त्यावर म्हणतो, ‘तुला नीट चोळता आलं नसंल.’

असल्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. स्टँडवर बघा जाऊन.

एक राहिलं. ताणूनही सात सेंटिमीटरच्या आत असेल, ताठ असताना वाकडं होऊन दुखत असेल, कातडी मागं सरत नसेल, अंडकोशातली गोटी जागेवर नसेल किंवा तिथं गाठ लागत असेल, तर सरळ मूत्रविकाराच्या डॉक्टरकडे जा. तिथं माझं ज्ञान संपतं. ऑपरेशनचं विचारलं नाहीस, तरी सांगतो: आतला बंध कापून शिथिल असताना थोडं लांब दिसतं, ताठ झाल्यावर आधार डळमळतो.

खरं सांगू? प्रश्न वाचून मला आधी मावसभावाच्या पोराचाच संशय आला. वय तेच, लग्नही ठरलेलं. तूच असशील तर बापाबरोबर जत्रेला जाऊ नको. माझ्याकडं ये, पट्टी अजून घरात आहे.