वाचक विचारतात : एका मॉड्यूलला हाय-हॅटची दोन पेडलं?

प्रश्न : नमस्कार दादा, मी कोथरूडला राहतो, घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम किट आहे, मॉड्यूल (पॅडवरच्या ठोक्यांचे आवाज काढणारा डबा) साधंच. नुकतंच डबल बास पेडल (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं) घेतलं आणि आता झालंय असं की डावा पाय तिकडे गेला की हाय-हॅट (पायानं उघडायची-मिटायची झांजांची जोडी) उघडा पडतो आणि सगळीकडे नुसतं छ्यँ छ्यँ. मित्राकडे एक जुनं हाय-हॅट पेडल पडून आहे, ते उजवीकडे दुसरं म्हणून लावावं म्हणतोय. मॉड्यूलच्या मागे हाय-हॅट कंट्रोलचं भोक एकच आहे पण मित्र म्हणतो स्प्लिटर (एका भोकात दोन केबली जोडणारा जॅक) लाव, काम झालं. चालेल का?

उत्तर : आधी पाय मोजा. दोन्ही पाय डबल पेडलवर, मग उजवीकडचं पेडल दाबणार कोण? हसत नाहीये हां मी, मी स्वतः हा हिशेब न करता पेडल घेऊन आलो होतो, ते आता माळ्यावर आहे. तुम्हाला दुसरं पेडल नकोय, तुम्हाला कायम मिटलेला हाय-हॅट हवाय. अकूस्टिक किटवाले यालाच एक्स-हॅट म्हणतात, उजव्या हाताला स्टँडवर घट्ट आवळलेली झांजांची जोडी, पेडल नाहीच. नाहीतर ते ड्रॉप क्लच लावतात, काठीनं टिचकी मारली की वरची झांज खालच्या झांजेवर पडते आणि हाय-हॅट बंद.

तुमच्याकडे हे अजून सोपंय. मॉड्यूलला जादा क्रॅशची (मोठ्या झांजेची) किंवा ऑक्सची (इतर पॅडसाठीची) जागा असेल तर एक सिंबल पॅड तिथे लावा आणि त्याला बंद हाय-हॅटचा आवाज द्या, लॅपटॉपवर वाजवत असाल तर जनरल मिडीच्या (मिडी म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटरची निरोपांची भाषा, त्यात प्रत्येक आवाजाला ठरलेला आकडा) हिशेबानं नोट ४२ (उघड्याची ४६, नुसत्या पायाच्या चिकची ४४). एक मात्र बघा, काही मॉड्यूलमध्ये बंद हाय-हॅट वाजला की उघड्याचा आवाज तोडायची सोय असते, म्यूट ग्रुप किंवा चोक अशा नावानं, त्यात हा नवा पॅड घालू नका. नाहीतर उजवीकडे टक् केलं की डावीकडचा लांबलेला छ्यँ मधेच गप्प, आणि तुम्ही बसाल केबल हलवत.

आता मित्राचा स्प्लिटर. किकला (बास ड्रमला) दोन पेडलं चालतात कारण पॅडला फक्त ठोका कळतो, कुठल्या बीटरनं (पेडलच्या हातोडीनं) मारला याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हाय-हॅटचं पेडल ठोका नाही, जागा सांगतं. कितपत दाबलंय, अर्धं का पाऊण, हे ते सतत मॉड्यूलला कळवत असतं आणि मिडीत ते सीसी ४ (पायाच्या पेडलचा कंट्रोल नंबर) वर ० ते १२७ असं जातं. बऱ्याच साध्या पेडलांत हे रेझिस्टन्स बदलून होतं. अशी दोन पेडलं स्प्लिटरनं जोडली की मॉड्यूलला दोघांचा मिळून एकच आकडा दिसतो, म्हणजे हाय-हॅट एकच राहतो, वर अर्ध्या उघड्याचा अंदाजही बिघडतो. शिवाय मित्राचं पेडल दुसऱ्या कंपनीचं असलं तर आतली वायरिंगच वेगळी असू शकते. मी तर तापकीर गल्लीतून ६.३ मिमीचा स्प्लिटर घाईत घेतला तो मोनो निघाला, जॅकचे रिंग आणि स्लीव्ह हे दोन भाग आतून शॉर्ट, संध्याकाळभर हाय-हॅट जागचा हलला नाही आणि मी पेडल उघडून त्यात धूळ शोधत होतो. जॅकवर दोन काळ्या रेघा असतील तर स्टिरिओ, एक असेल तर मोनो, दुकानातच बघून घ्या.

आणि खरंच दोन वेगवेगळे हाय-हॅट हवेत, दोन्ही पायानं उघडणारे-मिटणारे, तर दुसरं मॉड्यूल किंवा ट्रिगर इंटरफेस (पॅडचे ठोके मिडीत बदलणारा डबा) लागेल आणि आवाज लॅपटॉपवरून काढावे लागतील. तिथे दुसऱ्याचं मिडी चॅनल बदला, ड्रम्स सहसा १० वर असतात तर हा ११ वर टाका, कारण दोन्ही पेडलं एकाच चॅनलवर सीसी ४ पाठवायला लागली की एक उघडतं आणि दुसरं मिटतं, नुसती ओढाताण. बफर (लॅपटॉप आवाज साठवून पुढे सोडतो तो तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला त्याचे साधारण ३ मिलिसेकंद होतात, तेवढं हाताला जाणवत नाही. पण या सगळ्याला खर्च आहे. आधी पॅडवाला एक्स-हॅट महिनाभर वाजवून बघा.

प्रश्न : हेडफोन लावून वाजवते तरी खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. गणपतीच्या आधी नदीपात्रातले ढोल त्यांना चालतात, माझं पेडल चालत नाही!

उत्तर : ताई, ढोल हवेतून येतो, तुमचं पेडल त्यांच्या छतातून. पॅडचा टकटकाट फारसा खाली जात नाही, किक आणि हाय-हॅटच्या पेडलचा दणका फरशीतून जातो आणि त्याला नुसता गालिचा पुरत नाही. प्लायवुडचे दोन तुकडे घ्या, मधे टेनिस बॉल, बॉल घरंगळू नयेत म्हणून खालच्या प्लायला बॉलपेक्षा लहान गोल भोकं पाडून त्यात बसवा आणि अख्खं किट त्यावर. सुरुवातीला स्टूल जरा डुलतं, आठवडाभरात सवय होते. बनवून झालं की काकांनाच खाली उभं करा, तुम्ही वर पेडल मारा आणि त्यांना फोनवर विचारा, अजून येतंय का.